आमच्याकडे असंच बोलतात

सदर इसमाचे वर्णन खालीलप्रमाणे. नाव वाल्मीक लहानू भालेराव. वय चोवीस. राहणार निजामपुरा, भिवंडी, जिल्हा ठाणे. उंची मध्यम, बांधा सडपातळ, वर्ण सावळा, हनुवटीवर उजव्या बाजूस लहानपणी पडल्याची खूण. धर्म बौद्ध. शिक्षण बारावी, दुसऱ्या प्रयत्नात. व्यवसाय खाजगी इस्पितळात वॉर्डबॉय. जखमा धुणे व पट्ट्या बांधणे यात वाकबगार. येणाऱ्या भाषा मराठी व हिंदी. अरबी शिकत आहे. वर्तणूक चांगली. शारीरिक व्यंग नाही.

हे वर्णन सत्त्याऐंशी सालचं. त्यातलं ‘अरबी शिकत आहे’ एवढं सोडलं, तर थोडाफार फरक करून ते त्या गल्लीतल्या कोणत्याही जवान पोराला चालून गेलं असतं. अरबीची भर घातली ती केसरीनाथ पाटलाने.

केसरीनाथ अंजूरचा. खाडीकाठच्या त्याच्या भातशेतीत गोदामं उभी राहिली आणि गोदामांच्या भाड्यावर त्याने भिवंडीत माणसं आखाती देशांत धाडायचं ऑफिस टाकलं. वाल्मीकचा बाप लहानू तरुणपणी याच केसरीनाथच्या वडिलांच्या शेतावर लावणीला जायचा. त्यामुळे केसरीनाथ त्याला लहानूदादा म्हणे आणि लहानू त्याला शेट म्हणे. दोघांनाही हा व्यवहार बरोबरीचा वाटत असे.

“लहानूदादा, तुज्या पोराला धाडतंस का?” एक दिवस केसरीनाथ दारात उभा राहून ओरडला. “मोठा दवाखाना हाय तिकरं. पन येक अट हाय. पेशंटसंगं अरबीत बोलता यायला पायजे. तिकरचा सायेब सोता मुंबैला येनार हाय. तो इचारनार, तू कोन, कुटचा, तुज्या घरची रीतभात काय. तेवरा अरबीत सांगितला का झाला काम.”

“आनि न्हाय सांगता आला तर?” लहानूही ओरडला.

“तर हितंच पट्ट्या बांध म्हनावं.”

दोघांचं भांडण चाललं नव्हतं. निजामपुऱ्यात सगळेच असे बोलत. भालेरावांची एक खोली आणि अन्सारी शेटचा लूमचा कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही दोघांत सामायिक. लूम दोन्ही शिफ्टला चालत. ताटात ठेवलेली वाटी आपोआप सरकत सरकत काठाला येई. शेजारी शेजाऱ्याशी, नवरा बायकोशी, दुकानदार गिऱ्हाइकाशी घसा ताणून बोले, आणि जिथे घसा पुरत नसे तिथे माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखत. शुक्रवारी कारखाने बंद. त्या दिवशी गल्लीत एवढी शांतता पडे की लोकांना अस्वस्थ वाटे आणि ते बाजारात निघून जात.

वाल्मीकची आई मीराबाई मात्र शुक्रवारची वाट बघे. केसरीनाथची अंजूरला एक चाळ होती, खाडीच्या अंगाला, लूमपासून लांब. पोरगा एकदा का तिकडे गेला की त्यातली एक खोली तुम्हाला, असं त्याने कबूल केलं होतं. मीराबाई कोणालाही सांगे, “मला काय बंगला नको. मला कुकरची शिट्टी ऐकायचीय. आठवड्यातून एकदा न्हाय, रोज.”

सगळा मामला तेवढाच होता. कुकरच्या शिट्टीसाठी वाल्मीकने अरबीत स्वतःविषयी बोलायचं होतं.

तशी या पोराविषयी मीराबाईची एक तक्रार होती. हाक मारली तर तो ओ देत नसे. समोर जाऊन उभं राहिलं की मग, “काय गं?” मीराबाई म्हणे, “लाटसायेब झालाय. हाका मारून माझा घसा सुकला, आनि हा भिंतीकडं बघत बसलाय.” लहानू म्हणे, वय आहे.

भिवंडीत अरबी शिकवणारे बरेच होते. पण कुराण वाचायला शिकवणं वेगळं आणि बोलायला शिकवणं वेगळं. बोलायला शिकवत ते मौलवी बदरुद्दीन. मूळ आजमगढकडचे, उमेदीची काही वर्षं इराकात बसऱ्याला काढलेले. एका कारखान्याच्या माळ्यावर, सुताच्या गठ्ठ्यांच्या शेजारी, त्यांचा वर्ग संध्याकाळी भरे. शिकायला येत ते शिंपी, ड्रायव्हर, गवंडी, आणि आता एक वॉर्डबॉय. शुक्रवारी वर्गाला सुट्टी. वीज गेली की खालचे लूम थांबत, पण दिवाही जाई, म्हणून वर्गही सुटे. थोडक्यात, या वर्गात शांततेत उच्चारलेला अरबीचा एकही शब्द कोणी कधी ऐकला नव्हता.

मौलवीसाहेबांनी यावर तोड काढली होती. ते पोरांना समोर बसवत आणि तोंड मोठं करून एकेक शब्द आकाशात लिहिल्यासारखा म्हणत. पोरं ओठ बघत आणि ओरडत. पण अरबीतली निम्मी अक्षरं ओठांपर्यंत येतच नाहीत, घशातच राहतात. त्यांच्यासाठी मौलवीसाहेब मान वर करत आणि म्हणत, “हाथ रख.” पोराने त्यांच्या गळ्यावर बोटं ठेवायची, आतली थरथर ओळखायची आणि मग तशीच आपल्या गळ्यात आणायची. पहिल्याच आठवड्यात समोरच्या माडीवरून एका म्हातारीने हे पाहिलं. भालेरावांचा पोरगा मौलवींचा गळा धरून बसलाय आणि दोघं ओरडतायत, अशी खबर खाली पोचली. चार माणसं जिना चढून वर आली. मौलवीसाहेबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि त्यांच्याकडूनही दोन अक्षरं म्हणून घेतली.

वाल्मीक या पद्धतीत सगळ्यांच्या पुढे गेला. बाकीचे अधूनमधून कान द्यायचा प्रयत्न करत आणि लूमच्या आवाजात फसत. वाल्मीकने तो प्रयत्न कधी केलाच नाही. तो ओठ बघे आणि गळा चाचपे. मौलवीसाहेब म्हणत, “इस लड़के के कान उँगलियों में हैं.” हे कौतुक होतं, आणि सगळ्यांनी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

अडचण आली ती तिसऱ्या महिन्यात, जेव्हा स्वतःची ओळख सांगायचा धडा निघाला.

पुस्तकात एक मुलगा होता. त्याचं नाव, बापाचं नाव, शहर, कबीला, धर्म, सण, जेवण, असं तो ओळीने सांगे. त्याला कुठे अडखळावं लागत नसे, कारण ते पुस्तक त्याच्याच लोकांनी लिहिलं होतं. प्रत्येकाने त्या मुलाच्या जागी स्वतःला बसवायचं. शिंपी, ड्रायव्हर, गवंडी भराभर बसले. वाल्मीक नाव, बापाचं नाव आणि भिवंडी एवढं सांगून थांबला.

“कबीला?” मौलवीसाहेबांनी ओठ गोल केले.

“नहीं है, मौलवीसाब.”

“अरे, कुछ तो होगा. सबका होता है.”

“था. छोड़ दिया.”

मौलवीसाहेबांनी पुस्तकातल्या त्या ओळीवरून बोट पुढे सरकवलं. मग म्हणाले, “चल, आगे बढ़. मज़हब?”

“बौद्ध.”

यासाठी अरबीत शब्द होता. बूज़ी. मौलवीसाहेबांना तो ठाऊक होता, पण बसऱ्यात इतक्या वर्षांत तो वापरायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. “बोल दे,” ते म्हणाले, “मगर वो समझेगा जापान का है. फिर तेरी नाक देखेगा और शक करेगा.”

वर्ग हसला. वाल्मीकही हसला. इद्रिस शिंपी, जो त्याच्या शेजारी बसे, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “अबे, इंडियन बोल दे, खतम कर.”

पण खतम होईना. तू कोण, हा प्रश्न वाल्मीकला याआधी एकदाच कोणी मनापासून विचारला होता. तो चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, दंगलीत, एका बोळाच्या तोंडाशी, हातात सळ्या घेतलेल्या माणसांनी. तेव्हा उत्तर सुचायच्या आत त्याचे पाय पळाले होते, आणि ती माणसं कोणत्या बाजूची होती, म्हणजे कोणतं उत्तर बरोबर ठरलं असतं, हे त्याला आजतागायत कळलं नव्हतं. आता निदान बसून, पंख्याखाली, व्याकरणासकट उत्तर द्यायचं होतं. तेही जमेना.

त्याने केसरीनाथला विचारलं. केसरीनाथला त्यात विचारण्यासारखं काहीच वाटलं नाही. “हिंदू सांग. सगले तेच सांगतान. सायबाला काय, तुजा कुळ कंचा हाय? तिकरं दोनच रकानं हायेत, येक त्यांचा आन् येक बाकीच्यांचा. तू बाकीच्यांत बस.”

हे घरी आल्यावर लहानूच्या कानावर गेलं. लहानू कारखान्यात कांड्या भरण्याच्या मशिनीवर कामाला होता. आयुष्यभर त्याने इतरांच्या लूमला सूत पुरवलं होतं. तो सहसा वाद घालत नसे. त्या दिवशी मात्र तो वाल्मीकच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

“छप्पन साली मी तुज्यापेक्षा ल्हान होतो. आज्याबरोबर पांढरं धोतर नेसून गेलेलो. परत गावात आलो तर ‘आम्ही बौद्ध’ असा शब्द तोंडातून फुटायला मला वरीस लागला. लोक हसायची. मास्तर लिवून घ्यायचा न्हाय. आनि तू आता तिकडं इमानानं जाऊन परत हिंदू व्हनार?”

“बाबा, नोकरीसाठी एक शब्द...”

“मग नोकरीसाठी दुसरा शब्द शिक. तोच शिक. तुजा मौलवी म्हनतो ना हाय म्हनून?”

मीराबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. एकीकडे नवरा होता, एकीकडे अंजूरची खोली. तिने फक्त भाकरी उलटली.

वाल्मीकने तोच शब्द शिकायचं ठरवलं. मौलवीसाहेबांनीही मग कंबर कसली. सण म्हणून चौदा एप्रिल सांगायचा होता. “तुम्हारे बाबासाहेब का मीलाद,” मौलवीसाहेब म्हणाले, “मीलाद तो हम भी जानते हैं.” तो प्रश्न सुटला. जेवणात तांदळाची भाकरी आणि जवळा. भाकरी हा सरळ ‘खुब्ज़’ झाला, रोटी. जवळ्यापाशी मात्र दोघं बराच वेळ बसले. बारीक, वाळवलेला, मिशाळ, पातेल्यात भाजला की अख्ख्या गल्लीला कळणारा, हे मौलवीसाहेबांनी एकेका शब्दाने अरबीत बांधायचा प्रयत्न केला, आणि शेवटी जे तयार झालं ते ऐकून त्यांनाच किळस आली. “समक बोल. मछली. बस.”

घर: एक खोली. पण भिंतीपलीकडचा कारखाना सांगता येईना, कारण लूमला काय म्हणतात ते पुस्तकात नव्हतं आणि मौलवीसाहेबांनाही आठवेना. बसऱ्याला ते खजुराच्या गोदीत होते. ते वाक्य काढलं. आईची कुकरची शिट्टी काढली. कबीला, जो होता आणि सोडला, तोही काढला, कारण ‘सोडला’ एवढ्यावर कोणी थांबत नाही, पुढे ‘का’ असं विचारतात, आणि ‘का’ला पुरेल एवढी अरबी अजून वर्षभर येणार नव्हती.

असं एकेक काढत गेल्यावर वाल्मीकजवळ उरलं ते हे: मी एका शहरातला आहे. माझ्या घरात आई आहे, बाप आहे. आम्ही रोटी आणि मासे खातो. आम्ही एका थोर माणसाचा जन्मदिवस साजरा करतो. मी बौद्ध आहे. शेवटचं वाक्य सोडलं तर ही ओळख जगाच्या पाठीवर कोणाचीही असू शकली असती, आणि शेवटच्या वाक्याने तो जपानी ठरत होता. वाल्मीक ते रोज माळ्यावर उभा राहून म्हणे. दर वेळी त्याला वाटे, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरची चौकशी सांगतोय.

मुलाखत मुंबईत एका हॉटेलात होती. केसरीनाथने टाय दिला आणि बांधूनही दिला. बाहेर व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, एकेकाला आत बोलावत होते. वाल्मीक आत गेला, दार मागे मिटलं, आणि तो जागच्या जागी थबकला. पायाखाली जाड गालिचा. खिडक्या बंद. शुक्रवार सोडला तर आजवर कुठल्याही चार भिंतींच्या आत पायाखालची जमीन थरथरत नाही, असं त्याने अनुभवलं नव्हतं. टेबलामागे, एका सहकाऱ्याच्या शेजारी, एक गोरेलासा, तुळतुळीत दाढी केलेला डॉक्टर बसला होता. त्याचे ओठ स्वच्छ दिसत होते. वाल्मीकला धीर आला.

डॉक्टरने विचारलं, तू कोण?

वाल्मीकने छाती भरून घेतली, मान वर केली, आणि माळ्यावर सांगायचा तसं सांगायला सुरुवात केली. माझं नाव वाल्मीक. माझ्या वडिलांचं नाव लहानू. मी भिवंडी शहरातला आहे. घशातली अक्षरं अशी घरंगळत बाहेर पडली की मौलवीसाहेब असते तर त्यांनी गळा चाचपून बघितला असता. तिसऱ्या वाक्याला दार उघडलं आणि वेटरने आत डोकावून पाहिलं. व्हरांड्यातले उमेदवार उठून उभे राहिले. आत मारामारी झाली असं त्यांना वाटलं, हे त्यांनी नंतर सांगितलं.

डॉक्टरने हात वर केला आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “लिमाज़ा तसरुख?”

तू ओरडतोयस का?

‘तू कोण’ याच्या उत्तरावर वाल्मीकने दोन महिने घालवले होते. बापाशी भांडला होता, केसरीनाथला टाळला होता. धर्माचं वाक्य अजून चार वाक्यं पुढे होतं. आणि हा माणूस भलतंच विचारत होता. आपण ओरडतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. लूमला शब्द नव्हता. भिंतीला होता, पण नुसती भिंत सांगून काय होणार? त्याने जवळ होते नव्हते तेवढे शब्द चाचपले, आणि जे हाताला लागले ते मांडले.

“हाकज़ा नतकल्लम इंदना.” आमच्याकडे असंच बोलतात.

“सगळे?”

“सगळे. आई, बाप, मास्तर, सगळे.”

“नेहमी?”

वाल्मीक प्रामाणिक होता. त्याने विचार केला आणि म्हणाला, “शुक्रवारी नाही. शुक्रवारी आम्ही शांत.”

डॉक्टरच्या चेहऱ्यावर एकदम आदर पसरला. त्याने हात छातीला लावून देवाचे आभार मानले. हिंदुस्थानात असं एक शहर आहे, जिथे माणसं सहा दिवस गर्जतात आणि शुक्रवारी मौन पाळतात, हे त्याला नवीन होतं. वाल्मीकला वाटलं, आता लूमचं सांगावं. पण कसं? त्याने तोंड उघडलं, मिटलं. डॉक्टरने त्याच्या उच्चारांची तारीफ केली, सहकाऱ्याकडे बघून मान हलवली, आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं. वाल्मीक निवडला गेला होता.

घरी पेढे आले. केसरीनाथ अंजूरच्या खोलीची किल्ली घेऊन आला, नुसती दाखवायला. मीराबाईने ती हातात घेऊन बघितली आणि परत दिली. लहानूने मात्र वाल्मीकला बाजूला घेतलं.

“बौद्ध सांगितलंस?”

“तिथपर्यंत आलंच न्हाय, बाबा.”

“मग काय सांगितलंस?”

“आपण मोठ्यानं बोलतो, असं सांगितलं.”

लहानूने पेढा तसाच हातात धरून ठेवला. “तेवढंच?”

“त्यांनी तेवढंच विचारलं.”

आता उरली होती वैद्यकीय तपासणी, आणि ती केवळ औपचारिकता आहे असं केसरीनाथने सांगितलं होतं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, डोळे, सगळं ठीक निघालं. शेवटी एक वयस्कर मराठी डॉक्टर त्याला कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेले आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. “मी मागून आकडे सांगतो. ऐकलेत तसे म्हणा.”

वाल्मीक बसला. समोर भिंत होती, पांढरी. तो वाट बघू लागला. बराच वेळ गेला. डॉक्टर काही कामात असतील म्हणून तो गप्प राहिला. मग त्याला राहवेना. मागे वळून तो अदबीने म्हणाला, “करा ना सुरू, साहेब.”

डॉक्टर त्याच्या मागे अगदी हातभर अंतरावर उभे होते. ते फिरून समोर आले आणि खाली वाकून त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, “मी केव्हाचा बोलतोय.”

हे वाल्मीकला स्पष्ट कळलं, कारण आता ओठ दिसत होते.

“साहेब, समोरून विचारा. समोरून सगळं कळतं. अरबीसुद्धा कळतं.”

“मला माहीत आहे. किती दिवस असं आहे?”

“कसं?”

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुन्हा एकदा मागे जाऊन, या वेळी जरा मोठ्याने, आकडे म्हटले. वाल्मीक पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला. मग ते म्हणाले, आजारी माणूस पाठमोरा पडूनच हाक मारतो, बाळ, समोर येऊन नाही. आणि कागदावर एक इंग्रजी शब्द लिहिला, अनफिट. तो वाल्मीकला वाचता आला.

केसरीनाथने हात वर केले. “कान मी न्हाय तपासला, लहानूदादा. पोरगा मौलवीचा सगला बोलना समजतंय, मला काय ठावं?” त्यानंतर आठवडाभराने अंजूरच्या खोलीत गोदामावरचा रखवालदार राहायला गेला.

वाल्मीक सवयीने संध्याकाळी माळ्यावर गेला. मौलवीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बेटा, अरबी सीखी हुई बेकार नहीं जाती. जन्नत में यही ज़बान...” एवढं म्हणून ते वाल्मीककडे बघत थांबले, आणि त्यांनी चहा मागवला. थोड्या वेळाने चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, “मुझे भी कम सुनाई देता है. मैं समझता था, लूम की आवाज़ है.”

मीराबाईने त्या दिवसापासून पोराला लाटसाहेब म्हणणं सोडलं. त्याला हाक मारायची असली की ती उठे, चुलीपासून दोन पावलं चालून त्याच्या समोर येई, आणि मग हळू आवाजात बोले. तेवढ्या हळू आवाजात तिथे दुसऱ्या कोणालाच काही ऐकू जात नसे. वाल्मीकला सगळं कळे.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यातल्या मुंबईच्या दंगलींनंतर मौलवीसाहेबांना त्यांच्या मुलाने गावी नेलं. माळ्यावर सुताचे गठ्ठे राहिले. त्याआधीच्या पावसाळ्यात मीराबाई वारली होती. गुरुवारी, लूम चालू असताना. वाल्मीक त्याच इस्पितळात आहे आणि आता मुख्य वॉर्डबॉय आहे. सत्त्याण्णव साली इस्पितळाने आपल्या जुन्या नोकरांची माहिती नव्याने टंकून घेतली. सदर इसमाचे वय चौतीस. धर्म बौद्ध. येणाऱ्या भाषा मराठी, हिंदी व अरबी. रुग्णांशी नेहमी समोर उभे राहून, त्यांच्या तोंडाकडे लक्षपूर्वक पाहत, आस्थेने बोलतो. वर्तणूक उत्तम. शारीरिक व्यंग नाही.

डाव्या कानाने वाल्मीकला आता काहीच ऐकू येत नाही, उजव्याने जेमतेम.